लढाई अपशिंग्यापर्यंत कशी आली?

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. लढाई पेटली युरोपात. मग ती आपल्या अपशिंग्यापर्यंत आली कशी?

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. ऑस्ट्रियाने शेजारच्या लहानशा सर्बिया देशावर दोष ठेवला. खरे तर भांडण या दोघांचे. पण सर्बियाच्या पाठीशी रशिया होता. ऑस्ट्रियाचा जर्मनीशी करार होता, रशियाचा फ्रान्सशी. बांधावरून दोघे भांडावेत आन् दोघांची भावकी काठ्या घेऊन धावावी, तसं झालं! जर्मन फौज बेल्जियममध्ये शिरली. बेल्जियमला सांभाळण्याचे वचन इंग्लंडने १८३९ सालीच दिले होते. ४ ऑगस्टला इंग्लंडही उतरले. आपल्यावर तेव्हा इंग्रजांचे राज्य. आपल्याला कोण विचारतो? मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जाऊन लढल्या.

मग करार करूच नयेत काय? तसेही नाही. ज्याच्या मागे भावकी आहे, त्याचा बांध कोणी सहसा कोरत नाही, हे तुम्ही पाहिलेच असेल. १९४९ साली अमेरिका व युरोपातील काही देशांनी 'नाटो' करार केला. रशियाच्या गटाने १९५५ साली वॉर्सा करार केला. तो १९९१ साली मोडला. तोवर हे दोन गट समोरासमोर भिडले नाहीत. अणुबाँबची धास्तीही होतीच म्हणा.

माझ्या मते, काय लिहून दिले ते आधी पाहावे. जुलै १९१४ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितले, तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. हा तर कोऱ्या कागदावर अंगठा! इटलीचाही या दोघांशी करार होता. पण 'करार बचावापुरता आहे, चढाई तुम्ही केलीत,' असे म्हणून इटली त्या वर्षी बाजूला राहिली. (पुढल्या वर्षी ती उलट बाजूने लढली, ती गोष्ट वेगळी.)

आपला देश स्वतंत्र झाल्यावर कोणत्याच गटात गेला नाही. १९६२ साली चीनने हल्ला केला, तेव्हा धावून येण्यास कोणी बांधलेला नव्हता. अमेरिका-इंग्लंडकडे शस्त्रे मागावी लागली. त्याच धामधुमीत आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पुढे ९ ऑगस्ट १९७१ रोजी आपण रशियाशी २० वर्षांचा करार केला. त्यात फौज धाडण्याचे वचन नव्हते. एकावर हल्ला झाला, तर दोघांनी ताबडतोब विचारविनिमय करावा, एवढेच कलम होते. डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. ते १३ दिवसांत आटोपले.