पंचवीस टक्के बिलो

रस्त्याची निविदा उघडली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते: अंदाजपत्रकापेक्षा 25 टक्के कमी दर, पालिकेचे इतके कोटी वाचले. सरकारी बांधकामांच्या ठेक्यांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज या बातमीतच दडलेला आहे.

हिशेब मांडून पाहू. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दर ठरवताना साहित्य, मजुरी आणि यंत्रांच्या खर्चावर ठेकेदाराचा नफा व वरखर्च म्हणून 15 टक्के धरतो. या रीतीने केलेलं अंदाजपत्रक 1 कोटीचं असेल, तर कामाचा खर्च सुमारे 87 लाख. 25 टक्के 'बिलो' भरणारा ते 75 लाखांत करणार. म्हणजे नफ्यावर पाणी सोडूनही 12 लाख पदरचे. ठेकेदार दानधर्माला बसलेला नसतो. तेव्हा एक तर अंदाजपत्रकच फुगवलेलं आहे, नाहीतर काम कापलं जाणार आहे. आणि कापतात ते न दिसणारं. खडीच्या थरावर रोलरच्या फेऱ्या कमी होतात, काँक्रीटवर ओलं गोणपाट ठेवून पाणी मारायचं ते दोन दिवसांत थांबतं. एवढं करूनही तूट उरली, तर मध्येच निविदेत नसलेला एखादा 'एक्स्ट्रा आयटम' निघतो. महाराष्ट्रात फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामत घेतात, हे बरं आहे. पण त्यामुळे ठेकेदाराचे आणखी पैसे अडकतात, 12 लाखांचा खड्डा भरत नाही.

'काय करणार, सर्वांत कमी दरवाल्यालाच काम द्यावं लागतं,' असं अधिकारीही सांगतात. केंद्रापुरतं तरी हे पूर्ण खरं नाही. 29 ऑक्टोबर 2021 रोजी अर्थ मंत्रालयाने काढलेल्या सूचनांनुसार, ठरावीक अटींवर बांधकामांतही गुणवत्तेला गुण देता येतात. त्यांचा भार कमाल 30 टक्के, म्हणजे दर अजूनही वरचढच. एकच निविदा आली म्हणून प्रक्रिया बाद ठरत नाही, हेही त्याच सूचनांत आहे. तरी मुभा वापरायला हात धजावत नाही. कमी दरवाल्याला काम देऊन रस्ता उखडला तर दोष ठेकेदाराचा. त्याला डावललं तर लेखापरीक्षणातला आक्षेप, म्हणजे ऑडिट पॅरा, अधिकाऱ्याच्या नावावर!

ई-निविदेने संगनमत संपलं, हा आणखी एक भाबडा समज. संगणकामुळे लिफाफा पळवणं आणि दारात अडवणं थांबलं, ही मोठीच गोष्ट. पण चौघांनी आधी बसून कोण किती भरणार ते ठरवलं, तर संकेतस्थळाला काय कळणार? पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये कंपन्यांना दंड केला. असं साटंलोटं शोधायचं तर जुन्या निविदांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवून कोण कोणासोबत वारंवार हरतो ते पाहावं लागतं. ते काम क्वचितच कोणी करतं.

बिल थकवलं की सरकारला ते पैसे वापरायला मिळतात, असंही काहींना वाटतं. प्रत्यक्षात उशीर माहीत असलेला ठेकेदार व्याज दरातच धरतो, आणि ज्याला थांबणं परवडत नाही तो चांगला लहान ठेकेदार निविदाच भरत नाही. 2021 च्या त्याच सूचनांत काम चालू असताना सादर होणाऱ्या रनिंग बिलाची किमान 75 टक्के रक्कम दहा कामकाजी दिवसांत देण्यास सांगितलं आहे. राज्यात मात्र थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांना आंदोलनं करावी लागतात.

राहिला नागरिक. तो फक्त तक्रार करू शकतो, असं बहुतेकांना वाटतं. माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 2 मध्ये 'माहितीचा अधिकार' म्हणजे काय ते सांगताना कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. त्यामुळे अर्ज करताना नुसती कार्यादेशाची झेरॉक्स मागू नका. मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवाल पाहायला मागा, आणि त्यात लिहिलेली जाडी रस्त्यावर भरते का, तेही बघा.