थीम काढली, पण आयकॉन तेच? असे करा पूर्ववत

मुलांनी हौसेने कॉम्प्युटरवर कार्टूनची थीम टाकली. तुम्ही ती काढलीत, तरी ‘धिस पीसी’ आणि ‘रिसायकल बिन’ची चित्रे मात्र तशीच राहिली? घाबरू नका. आयकॉन म्हणजे दारावरची पाटी. ती बदलली तरी घरातले सामान, म्हणजे तुमच्या फाइल्स, जागेवरच असतात.

विंडोज 10 किंवा 11 मध्ये डेस्कटॉपवरील रिकाम्या जागी राइट क्लिक करा. ‘पर्सनलाइज’मधून ‘थीम्स’मध्ये जा आणि खाली ‘डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज’ उघडा. बदललेला आयकॉन निवडून ‘रिस्टोअर डीफॉल्ट’ दाबा. प्रत्येक आयकॉनसाठी हे वेगळे करावे लागते. रिसायकल बिनचे तर भरलेला आणि रिकामा असे दोन आयकॉन असतात, दोन्ही बदला.

तिथेच ‘अलाऊ थीम्स टू चेंज डेस्कटॉप आयकॉन्स’ची टिक काढा, म्हणजे पुढची थीम आयकॉनला हात लावणार नाही. मग ‘अप्लाय’ आणि ‘ओके’ करा. तरीही फरक दिसला नाही तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पाहा.

आयकॉन दुरुस्त करून देणारे अनोळखी सॉफ्टवेअर मात्र डाउनलोड करू नका. दोन मिनिटांच्या कामासाठी घरचे फोटो आणि बँकेचे पासवर्ड धोक्यात कशाला घालायचे?