रणगाड्यांच्या शहरात ट्रकची परीक्षा

अहिल्यानगर म्हटले की रणगाडा संग्रहालय आठवते. इथल्याच ‘व्हीआरडीई’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने टाटा मोटर्ससोबत पाण्यातही चालणारे आठ चाकी चिलखती वाहन घडवले. पण साध्या ट्रक-बसचाही तिच्याशी संबंध येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार नव्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासावा लागतो. त्या यादीत पुण्याच्या एआरएआय, सीआयआरटीबरोबर संरक्षण खात्याची ही संस्थाही आहे. ब्रेक भरलेल्या गाडीवर तपासतात, तसे रिकाम्या गाडीवरही. रिकामा ट्रक सोपा वाटतो, पण जोरात ब्रेक दाबताच त्याची हलकी मागची चाके जाम होऊन घसरू शकतात. (क्षमतेबाहेर भरलेल्या ट्रकची चाचणी मात्र घाटातच होते!) उत्पादन सुरू झाल्यावरही अधूनमधून नमुने तपासले जातात.