मेश बारीक केला म्हणून उत्तर खरं ठरत नाही

तळोजा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनच्या डिझाइन विभागात बसा, नाहीतर नवीन पनवेलमधल्या इंजिनिअरिंगच्या व्हायव्हाला. एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘सर, मेश अजून बारीक केलाय, आता रिझल्ट अ‍ॅक्युरेट आहे.’ वस्तूचे लहान एलिमेंट पाडून, म्हणजे मेश करून, फायनाइट एलिमेंट पद्धतीने ताण काढणाऱ्यांमध्ये हा समज इतका घट्ट बसलाय की त्यावर प्रश्न विचारला तर समोरचा चकित होतो. हा समज अर्धाच खरा आहे, म्हणून तो जास्त घातक.

समजा, एल आकाराचा स्टीलचा ब्रॅकेट आहे आणि मॉडेलमध्ये त्याचा आतला कोपरा काटकोनी ठेवलाय, फिलेट नाही. 2 मिमी मेशला तिथे 180 मेगापास्कल ताण दिसला, तर 1 मिमीला साधारण 247 दिसेल, अर्ध्या मिमीला 338 आणि पाव मिमीला 464. एलिमेंट निम्मं केलं की दर वेळी सुमारे 37 टक्के वाढ, आणि ती कधीच थांबत नाही. अशा कोपऱ्यात सिद्धान्तानुसार ताण अनंत असतो. विल्यम्स यांनी 1952 मध्येच ते गणिताने दाखवलं. ई 250 स्टीलची यील्ड मर्यादा 250 मेगापास्कल. म्हणजे तोच ब्रॅकेट 1 मिमीला पास आणि अर्ध्या मिमीला नापास! मग कोणी उगाच प्लेट जाड करतो, तर कोणी सोयीचा मेश निवडून रिपोर्ट लावतो. दोघेही चुकतात.

खऱ्या वस्तूत कोपऱ्याला त्रिज्या असते, ती मॉडेलमध्ये घाला. मग एकामागून एक बारीक असे निदान तीन मेश चालवा आणि हव्या त्या जागचा आकडा स्थिरावतो का ते पाहा. स्थिरावत नसेल तर दोष मॉडेलमध्ये शोधा, आणखी बारीक मेश घेऊन काही साधणार नाही.

वेल्डच्या कडेलाही हाच पेच. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूच्या लांब गाळ्यांना ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक आहे. अशा डेकमध्ये वाहनांच्या सततच्या ये-जामुळे वेल्डला थकव्याने तडे जाण्याचा धोका असतो. पण वेल्डच्या कडेवरचा आकडा मेशप्रमाणे बदलतो, म्हणून आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेची पद्धत तो वाचतच नाही. कडेपासून प्लेटच्या जाडीच्या 0.4 पट आणि 1 पट अंतरावरचे ताण घेऊन कडेचा ताण त्यावरून काढते. 12 मिमी प्लेट असेल तर 4.8 मिमी आणि 12 मिमीवर.

असेच आणखी काही समज कानावर येतात. ‘नावाजलेलं सॉफ्टवेअर आहे, चुकणार कसं?’ नॉर्वेतल्या स्लाइपनर-ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया 23 ऑगस्ट 1991 रोजी बुडाला, तेव्हा विश्लेषण नॅस्ट्रान या नावाजलेल्या सॉफ्टवेअरवरच झालं होतं. महत्त्वाच्या भिंतींत ढोबळ, वेडेवाकडे एलिमेंट होते. शिअर ताण 47 टक्के कमी दिसला. नंतरच्या काटेकोर विश्लेषणाने 62 मीटर खोलीला भिंत फुटेल असं सांगितलं. प्रत्यक्षात ती 65 मीटरला फुटली. पद्धत खोटी नव्हती, तपासणी झाली नव्हती.

‘एरर आली नाही, म्हणजे बरोबर.’ सॉल्व्हर समीकरणं सोडवतो. लोड चुकीच्या एककात दिला असेल तर तो गप्पच राहतो.

‘रिअ‍ॅक्शनची बेरीज जुळली, झालं.’ ती जुळायलाच हवी, पण बोल्टने धरलेली प्लेट चारही बाजूंनी फिक्स केली तरीही ती जुळतेच.

‘रंग छान गुळगुळीत आलेत.’ सॉफ्टवेअर नोडवर सरासरी काढतं. सरासरी बंद करा. शेजारच्या एलिमेंटांत मोठी उडी दिसली तर मेश अपुरा आहे.

‘टेट्राहेड्रॉन कुठलाही चालतो.’ चार नोडचा वाकवताना फाजील ताठर वागतो. दहा नोडचा घ्या.

सॉफ्टवेअरवर शंका असेल तर नाफेम्स या संस्थेची लंबवर्तुळी पट्टीची चाचणी चालवा. ठरलेल्या बिंदूवर 92.7 मेगापास्कल यायला हवेत. त्याहून सोपं म्हणजे रुंद प्लेटमधलं लहान गोल भोक: किर्शने 1898 मध्ये सांगितलेला तिप्पट ताण तुमच्या मॉडेलमध्ये येतो का?

रिपोर्टवर सही करणाऱ्या वरिष्ठांना विनंती: तीन मेशचा तक्ता, रिअ‍ॅक्शनची बेरीज आणि पानभर हातचं गणित मागा. यातलं एकही नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.