स्निपेट म्हणजे तयार प्रोग्राम नव्हे
स्निपेट (कोडचा छोटा तुकडा) हाती आला की तो जसाच्या तसा चालेल, असा समज सर्रास आढळतो. पण तो फोडणीसारखा असतो. भाजी आपली आपणच आणायची. उदाहरणार्थ, पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे पायथन २ मध्ये, 'प्रिंट' या आज्ञेपुढे कंसाशिवाय मजकूर लिहिता येई. २००८ साली आलेल्या पायथन ३ मध्ये तीच ओळ चूक ठरते. दोष तुकड्याचा नाही, आवृत्ती न सांगण्याचा आहे.

संदर्भाविना तुकडा अपुरा पडतो, हे जुन्या संस्कृत टीकाग्रंथांतही दिसते. काशीत राहिलेल्या वैयाकरण नागेशभट्टांचा 'उद्द्योत' ही कैयटाच्या 'प्रदीपा'वरची टीका, आणि 'प्रदीप' पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथावरची. मूळ ग्रंथ शेजारी नसेल, तर टीका वाचताच येत नाही. कोडच्या तुकड्याचेही तसेच. म्हणून तो पाठवताना भाषेची आवृत्ती, लागणारी लायब्ररी (आधीच लिहिलेल्या कोडचा संग्रह) आणि तो कुठून घेतला, हे वर दोन ओळींत जरूर लिहावे.