‘गमत नाही’ म्हणणारीचं ऐकून घ्या

आपल्या वऱ्हाडात ‘गमत नाही’ हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. लेक सासरी गेली की आईला गमत नाही, पाहुणीला दोन दिवसांच्या वर गमत नाही. त्यामुळे एखादी बाई महिनाभर ‘मले गमत नाही’ म्हणत असली तरी कोणी मनावर घेत नाही. ‘कामात राह्य, गमेल’ असं सांगून आपण मोकळ्या होतो.

पण कधी कधी हेच आजाराचं पहिलं लक्षण असतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटणं, कशातच मन न लागणं, पहाटे तीनलाच झोप उडणं, भूक मरणं, अंगात त्राण नसणं, ‘मी कोणाच्याच कामाची नाही’ असं वाटत राहणं. डॉक्टर याला नैराश्य म्हणतात. बायका मात्र मनाचं दुखणं सांगत नाहीत. त्या डोकं, पाठ, छातीतली धडधड सांगतात आणि सलाइन लावून घरी येतात.

गुरुकुंज मोझरीत बचत गटाचं आणि महिला मंडळाचं काम करताना अशी घरं मी जवळून पाहिली. त्यातल्या एका घराबद्दल सांगते, नाव-गाव मात्र नाही. थोडी कपाशीची शेती, दोन लेकरं, तिशीची सून. दोन-तीन महिन्यांपासून ती गप्प गप्प. कधी भाजीत मीठ दोनदा पडे, कधी लेकराचा डबाच राही. नवरा म्हणे आळस, शेजारणी म्हणत बाहेरचं आहे. अंगारे-धुपारे झाले. मग एक दिवस सासू माझ्याकडे आली. ‘‘ताई, सून आता पोराईलेही जवळ घेत नाही. काल म्हणे, मी नसली तं तुमचं काही अडत नाही. मले भेव वाटते.’’

त्या माउलीनं नेमकं वाक्य हेरलं होतं. मी तिला दोन कामं सांगितली. घरातलं फवारणीचं औषध आजच तिथून हलवायचं आणि सुनेला एकटीला न सोडता उद्याच अमरावतीला न्यायचं. सुनेला मी सरळच विचारलं, ‘‘मरावंसं वाटते का?’’ असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खरी नाही. ती ढसाढसा रडली. म्हणाली, ‘‘आजवर कोणी इचारलंच नाही.’’

मानसोपचार तज्ज्ञांनी आधी तिचं, मग घरच्यांचं ऐकून घेतलं. रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉइडचा त्रास असला किंवा अंगात रक्त कमी असलं तरी अशीच लक्षणं दिसू शकतात. निदान नैराश्याचं झालं. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं.

खरी कसोटी पुढेच होती. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिले काही दिवस मळमळही होते. नवरा म्हणाला, बंद कर. सासू मात्र ठाम राहिली. गोळ्या तिनं स्वतःजवळ ठेवल्या आणि रोज हातावर दिल्या. सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला. पुढच्या तपासणीला मुलालाच सुनेसोबत पाठवलं. तिथं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा त्यालाही पटलं. तीन महिन्यांनी सून पुन्हा गटाच्या बैठकीला आली. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. मनानंच बंद केल्या तर आजार उलटू शकतो.

हे काही एकाच घरापुरतं नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘संगाथ’ या संस्थेनं ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी बोलणं सुरू केलं. गरज पडली तर समुपदेशक आणि त्यापुढे मनोविकार तज्ज्ञ अशी साखळी बांधली. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात ते २७ झाले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. माणसं तीच, गावं तीच. फक्त विचारणारं कोणी तरी दारात आलं.

मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना थेट नागपूरचं मनोरुग्णालय आठवतं. पण बहुतेकांना भरती व्हायची गरजच पडत नाही, घरी राहूनच उपचार होतात. गावातल्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथं रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं. आणि कोणी जीव द्यायचा प्रयत्न केलाच, तर पोलीस केसच्या धाकानं लपवू नका, आधी दवाखाना गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

प्रार्थनेला, भजनाला, गटाच्या बैठकीला कोण आली नाही, हे आपल्या बरोबर लक्षात येतं. महिनाभर जी दिसली नाही, तिच्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन या. ‘गमत नाही’ म्हणाली तर समजूत घालायची घाई करू नका. चहा होईपर्यंत तिला बोलू द्या आणि गरज वाटली तर डॉक्टरकडे तिच्यासोबत तुम्हीच जा.