डोळ्यामागचा पू

पडशानंतर मुलाच्या एका डोळ्याची पापणी लाल होऊन सुजली, तर ‘डोळे आले’ असें समजून स्वस्थ बसणें धोक्याचें असतें. नाकालगतच्या हाडांत ज्या पोकळ्या असतात, त्यांस सायनस म्हणतात. त्यांपैकीं एथमॉइड सायनस आणि नेत्रगुहा यांच्यामध्यें हाडाचा कागदासारखा पातळ पडदा असतो. सायनसांतील जंतु तो ओलांडून डोळ्यामागें पोंचतात.

१९७० सालीं चँडलरप्रभृति वैद्यांनीं या विकाराचे पांच प्रकार सांगितले. पापणीपुरती सूज हा पहिला. मेंदूच्या तळाशीं असलेल्या शिरांत रक्त गोठणें हा पांचवा. बाहेरून मात्र सूज पुष्कळदां सारखीच दिसते. क्ष-किरणांच्या साध्या छायाचित्रांत सायनस भरलेला दिसतो. डोळ्यामागचा पू दिसत नाहीं. १९७१ सालीं लंडन येथें रुग्णावर प्रथम वापरलेल्या सीटी स्कॅननें ही उणीव भरून काढली. शिरेंतून कॉन्ट्रास्ट औषध दिलें, म्हणजे पुवाच्या साठ्याभोंवतीं उजळ कडा उमटते. पू नसल्यास बहुधा प्रतिजैविक औषधांवर भागतें. मोठा साठा असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. शिरांत रक्त गोठल्याचा संशय असल्यास एमआरआयचेंही साहाय्य घेतात.

डोळा पुढें येणें, हलवितांना दुखणें किंवा दृष्टि मंदावणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसतांच तत्काळ रुग्णालय गांठावें. विलंबाची किंमत कधीं दृष्टीनें, तर कधीं प्राणानेंही मोजावी लागते.